दंगल नसलेल्या दिवसांची समिती

2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं मुंबईत अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकमेकींना खेटून आल्या. पहिल्या वर्षी तर दोन्ही एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला. त्यामागे पंचांगाचं साधं गणित आहे. एक सण भाद्रपद शुद्ध चतुर्दशीचा, दुसरा रबीउल अव्वलच्या 12 तारखेचा, आणि दोन्ही महिने चंद्रावर चालतात. महिने एकमेकांवर येऊन बसले की सणांत दिवस-दोन दिवसांचंच अंतर उरतं. फरक पडतो तो अधिक मासाने. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही, आपल्याकडे आहे. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, गणपती पुढे सरकले आणि भाद्रपद नेमका रबीउल अव्वलवर जाऊन बसला. पुढचा अधिक मास 2026 चा. तोवर ही गाठ सुटणार नव्हती.

विसर्जनाच्या दिवशी मुंबईत काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्याच गर्दीत भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून निघणारा ईदचा जुलूस आणि उपनगरांतले लहानमोठे जुलूस मिसळले असते, तर पोलिसांच्या हातात प्रार्थनेखेरीज फारसं काही उरलं नसतं. तसं झालं नाही. खिलाफत कमिटी आणि शहरातल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला : 2023 मध्ये 29 सप्टेंबरला, 2024 मध्ये 18 सप्टेंबरला, 2025 मध्ये 8 सप्टेंबरला. सरकारने सुट्टीही त्याप्रमाणे सरकवली. वर्तमानपत्रांत त्याच्या छोट्या बातम्या आल्या आणि लोक विसरून गेले.

दंगल झाली की चौकशी आयोग नेमला जातो. दंगल झाली नाही, तर ती का झाली नाही हे शोधायला कोणीच नेमलं जात नाही. म्हणून ज्या खटपटीमुळे शहर शांत राहतं, ती कुठे लिहिली जात नाही. ती कोणी करायची, कुठे बसून करायची, त्यासाठी किती पैसे लागतात, याचं उत्तर मुंबईच्या कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. हा लेख त्या खटपटीचा आहे, आणि तो दिंडोशीतून लिहिण्याला कारण आहे.

एका टेकडीभोवतीची मुंबई

पश्चिम द्रुतगती महामार्गावरून गोरेगाव ओलांडून उत्तरेला निघालं की उजव्या हाताला टेकडीभोवती पसरलेली दिंडोशी लागते. तोंडाशी मॉल आणि आयटी कंपन्यांच्या इमारती. आत गोकुळधाम, यशोधामचे मध्यमवर्गीय फ्लॅट. त्यापुढे म्हाडाची न्यू दिंडोशी वसाहत, संतोष नगर, नागरी निवारा, चित्रनगरीचं फाटक आणि आरेतले वारली पाडे. उत्तरेच्या अंगाला पठाणवाडी, कुरार, पिंपरीपाडा, आप्पा पाडा, थेट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला भिडलेले. महामार्गालगत सत्र न्यायालय आहे, डोक्यावरून मेट्रो जाते. कोकणातून आलेली घरं, घाटावरची घरं, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली घरं, गुजराती, तमिळ, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध अशी सगळी काही किलोमीटरांच्या टापूत राहतात.

‘मुंबईत सगळे एकत्र राहतात’ असं आपण सहज म्हणून जातो. नकाशा जरा जवळून पाहिला तर लक्षात येतं, की ते शेजारी शेजारी राहतात. एकत्र राहणं ही वेगळी गोष्ट आहे. टॉवरमधला माणूस झोपडपट्टीत जात नाही. म्हाडातल्या मुलाची शाळा एक, गोकुळधाममधल्या मुलाची दुसरी. पठाणवाडीच्या सिग्नलवरून रोज जाणाऱ्या कित्येकांनी पठाणवाडी आतून पाहिलेली नसते. रोजचा व्यवहार मात्र सगळ्यांचा सगळ्यांशी : रिक्षावाला, भाजीवाला, घरकामाला येणाऱ्या बायका, शिंपी, प्लंबर. माणसं एकमेकांना कामापुरती ओळखतात आणि कामापुरत्या ओळखीवर शहर चालतंही. पण एखाद्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ येतो, आणि ही ओळख किती पातळ आहे ते त्या रात्री कळतं.

याच महामार्गावर दक्षिणेला काही मिनिटांवर जोगेश्वरी आहे. 1993 च्या जानेवारीत एका रात्री तिथल्या राधाबाई चाळीत घराला बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली आणि सहा माणसं जळून मेली. बातमी पसरली तसा शहरभर सूड पसरला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दंगलीच्या दोन पर्वांत मिळून न्या. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले : 575 मुसलमान, 275 हिंदू, 45 अनोळखी आणि 5 इतर. जखमी 2,036. 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांत आणखी 257 जण गेले. आज चाळिशी ओलांडलेल्या उपनगरी माणसाला हे दिवस आठवतात. त्याच्या मुलांना ते इतिहासातल्या कुठल्याशा सनावळीइतके लांबचे वाटतात. आठवण असलेली पिढी हळूहळू मागे सरते आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

भिवंडीने आधी करून पाहिलं

मुंबई जळत होती तेव्हा पन्नासेक किलोमीटरवरची भिवंडी शांत राहिली. हे नवल होतं, कारण भिवंडीचं नाव दंगलीशी जोडलं गेलेलं होतं. 1970 च्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटलेल्या दंगलीवर न्या. मादोन आयोग बसला होता. 1984 मध्ये शहर पुन्हा पेटलं. यंत्रमागांचं गाव, मालक-मजूर आणि हिंदू-मुसलमान अशा दोन्ही भेगा एकमेकींत मिसळलेल्या. 1992 च्या डिसेंबरात पहिली ठिणगी इथेच पडेल असं पोलिसांनाही वाटत असणार.

1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहराच्या वस्त्यांमध्ये सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येकीत निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान. नेते आणि पुढारी मुद्दाम बाजूला ठेवून कामगार, दुकानदार, शिक्षक अशी साधी माणसं घेतली. दर समितीशी एक पोलीस अधिकारी जोडलेला. बैठक ठरलेल्या दिवशी व्हायचीच, गावात तणाव असो वा नसो.

या बैठकांत राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं होत नसत. तिथे यायची गटाराची भांडणं, नळाची, पोरांची, ओट्याची, नवरा-बायकोची. खोपडे यांचं म्हणणं साधं होतं. दंगल आभाळातून पडत नाही. गल्लीतलं न मिटलेलं भांडण एक दिवस धर्माचे कपडे घालून बाहेर येतं. ते भांडण असतानाच मिटवायचं. त्यात आणखी एक गोष्ट आपोआप साधायची : शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाचा चेहरा, नाव आणि स्वभाव माहीत व्हायचा. त्यामुळे अफवा आली तर ‘तिकडे काय चाललंय?’ हे विचारायला माणूस असायचा. पोलिसांनाही गणवेश न घालता वस्तीत शिरायची वाट मिळाली.

खोपडे यांच्या नंतरचे उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी हे काम चालू ठेवलं, आणि 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या आठवड्यांत त्याची परीक्षा झाली. भिवंडी पास झाली. मुंबई का जळाली आणि भिवंडी का नाही, या प्रश्नाभोवती खोपडे यांनी पुढे पुस्तकही लिहिलं.

त्याला एक उत्तरार्धही आहे. 2006 च्या जुलैत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, आणि जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. समित्या कागदावर असल्या तरी त्यांचं रोजचं काम बंद पडलं असेल, तर त्या असून नसल्यासारख्याच. भिवंडीचे दोन्ही धडे एकत्र वाचायला हवेत.

साहनी, रिबेरो आणि बर्वे

मुंबईत मोहल्ला समित्या आल्या त्या राखेवर. 1993 च्या अखेरीला सतीश साहनी पोलीस आयुक्त झाले. पोलीस आणि मुसलमान वस्त्या यांच्यातला संवाद तेव्हा जवळजवळ तुटला होता. पोलीस पक्षपातीपणे वागले, ही तक्रार पुढे श्रीकृष्ण आयोगानेही उचलून धरली. अशा वेळी ज्युलिओ रिबेरो पुढे आले. 1980 च्या दशकात ते मुंबईचे आयुक्त होते, पंजाबात दहशतवादाच्या काळात पोलीस महासंचालक होते आणि रुमानियातली राजदूतपदाची मुदत संपवून नुकतेच परतले होते. त्यांच्याबरोबर सुशोभा बर्वे होत्या. दंगलग्रस्तांमध्ये पायी फिरून काम करण्याचा त्यांचा अनुभव मोठा होता. ‘अकबरअलीज्‌’ दुकानांचे फख्रुद्दीन खोराकीवाला, त्या काळातले मुंबईचे नगरपाल, सोबत होते. 1994 मध्ये मोहल्ला एकता समित्यांचं काम सुरू झालं, आणि पुढे त्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था उभी राहिली.

पद्धत अशी होती : पोलीस ठाण्यागणिक एक समिती. त्यात वस्तीतले लोक, बाहेरचा एखादा स्वयंसेवक आणि ठाण्याचा अधिकारी. सुरुवातीच्या बैठकांत लोक पोलिसांवर सरळ ओरडायचे, आणि ओरडू देणं हाच त्या बैठकांचा पहिला उपयोग होता. मग विषय हळूहळू पाणी, कचरा, रेशन कार्ड, गर्दुल्ले, हरवलेली मुलं यांच्याकडे वळायचे. बायका यायला लागल्यावर विषयपत्रिकाच बदलली. सणासुदीला समितीचे लोक रस्त्यावर उभे राहायचे, मंडळांच्या आणि मशिदींच्या लोकांची गाठ घालून द्यायचे. पोलीस आणि वस्त्यांतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने भरवले जायचे. ज्याच्याशी दुपारी क्रिकेट खेळलो, त्याच्यावर संध्याकाळी दगड उचलायला हात जड होतो, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता.

धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या जोडीने हेच काम आपल्या पद्धतीने केलं. वकार खान यांचा कपड्यांचा धंदा. चार मुलांना चार धर्मांच्या पोशाखात उभं करून त्यांनी काढलेलं ‘हम सब एक हैं’चं पोस्टर धारावीच्या भिंतींवरून शहरभर गेलं. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘नाता’ या 2003 च्या माहितीपटात ही जोडी पाहायला मिळते.

या सगळ्याचा परिणाम मोजता येत नाही, पण काही दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 2002 मध्ये शेजारचा गुजरात पेटलेला असताना मुंबईत तसं काही झालं नाही. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्यांतले काही जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोडला, म्हणजे दिंडोशीच्या आजूबाजूलाच. 180 हून अधिक माणसं मेली. त्या रात्री उपनगरांत सूड घेतला गेला नाही. लोक गाड्यांमधून जखमींना काढत होते. सगळं श्रेय मोहल्ला समित्यांना देणं भाबडेपणाचं ठरेल, कारण पोलिसांचा बंदोबस्त होता आणि राजकीय गणितंही होती. पण श्रेयात त्यांचा वाटा नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

भेटीगाठी पुरत नाहीत

‘आमच्याकडे ईदला शीरखुर्मा येतो आणि आम्ही दिवाळीला फराळ देतो’ हे वाक्य दर दंगलीनंतर ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. मग दंगल का होते?

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास करून 2002 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं, की दंगलींतले जवळपास 46 टक्के मृत्यू देशातल्या अवघ्या आठ शहरांत झाले होते. मुंबई त्यांतली एक. मग त्यांनी शांत आणि अशांत शहरांच्या जोड्या लावल्या : कालिकत आणि अलिगढ, लखनौ आणि हैदराबाद, सुरत आणि अहमदाबाद. निष्कर्ष असा निघाला : ओळखपाळख, फराळ, लग्नाची आमंत्रणं खेड्यात पुरतात. शहरात ती पुरत नाहीत. शहराला लागतात दोन्हीकडच्या माणसांना एकाच कामात बांधणाऱ्या संघटना. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब, पक्षांच्या शाखा. जिथे दोघांचं पोट किंवा हित एकत्र अडकलेलं असतं, तिथे अफवा पसरवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

गोरेगाव-दिंडोशीच्या माणसाला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. त्याने मृणाल गोरे यांना पाहिलं आहे. 1957 मध्ये ही उपनगरं बृहन्मुंबईत आली, पण पाणी आलं नाही. 1961 मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या, आणि हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघू लागले. त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या ते तेव्हापासून. 1972 नंतर महागाईविरोधात लाटणी हातात घेतलेल्या बायका रस्त्यावर आल्या. त्यात अहिल्या रांगणेकर होत्या, तारा रेड्डी होत्या, आणि ज्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत अशा हजारो होत्या. या मोर्चांत सर्वधर्मसमभावावर भाषण करायची गरज नव्हती. नळाला पाणी नाही, तेल मिळत नाही, हे सगळ्यांच्या घरात एकसारखं होतं.

पुढे दिंडोशीला मृणालताई आणि बाबूराव सामंत यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरांची वसाहत उभी केली. नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यातल्या तरतुदींचा आधार घेऊन, सरकारदरबारी आणि न्यायालयात वर्षानुवर्षं भांडून. ज्या मुंबईत जमीन म्हणजे बिल्डरचा प्रांत, तिथे साध्या नोकरदारांनी एकत्र येऊन हे केलं. ‘माणसांनी गुण्यागोविंदाने राहावं’ असं सांगणाऱ्या शंभर पत्रकांपेक्षा एकत्र मिळवलेलं घर जास्त काम करतं, हा त्याचा अर्थ. मृणालताई 2012 मध्ये गेल्या. ती जमीन कायद्याने मिळवून देणारी वाटही राज्याने 2007 मध्ये कायदा रद्द करून बंद केली होती.

आजची शांतता समिती

आज कोणत्याही पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक कशी होते ते उपनगरात राहणाऱ्या प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे. गणपतीच्या किंवा मोहरमच्या आठ-दहा दिवस आधी निरोप येतो. हॉलमध्ये किंवा ठाण्याच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढच्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, माजी नगरसेवक. वरिष्ठ निरीक्षक सूचना वाचतात : मंडपाची परवानगी, रस्त्याची रुंदी, सीसीटीव्ही, डीजे नको, रात्री दहाची मर्यादा, समाजमाध्यमांवर काही टाकू नका. मग एक-दोन जण शहरात बंधुभाव किती आहे हे सांगतात, चहा होतो, फोटो होतो. पुढची बैठक पुढच्या सणाला.

यात वाईट काही नाही. पण ही बंदोबस्ताची बैठक आहे, संबंधांची नाही. बोलणारे तेच, दर वर्षी. बायका अपवादाने. झोपडपट्टीतला तरुण, ज्याच्या मोबाइलवरून व्हिडिओ पुढे जातो, तो या खुर्च्यांवर कधीच बसलेला नसतो. समितीत असणं हा काहींसाठी ठाण्यात ओळख ठेवायचा परवाना होतो. वस्ती त्यांना ‘पोलिसांचा माणूस’ म्हणते, आणि तिथेच त्यांचा उपयोग संपतो.

दुसरी त्रुटी जास्त खोल आहे. समित्यांनी शांतता मागितली, न्याय मागितला नाही. श्रीकृष्ण आयोग 25 जानेवारी 1993 ला नेमला गेला, युती सरकारने 1996 च्या जानेवारीत तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा चालू केला. अहवाल 1998 मध्ये आला आणि बहुतांश कपाटात राहिला. दंगलीत बेपत्ता झालेल्या 168 जणांपैकी 108 जणांच्या कुटुंबांना नुकसानभरपाई मिळालीच नव्हती. त्यांना शोधून व्याजासह पैसे द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 4 नोव्हेंबर 2022 रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सांगावं लागलं. ज्या घरातला माणूस परत आला नाही आणि ज्या घराला सरकारी दारात तीस वर्षं उभं राहावं लागलं, त्याला एकतेच्या मिरवणुकीत कोणत्या तोंडाने बोलवायचं? संबंध जोडणाऱ्या कोणत्याही समितीने हा प्रश्न टाळून चालणार नाही.

दार, पाटी आणि भाषा

आणि आता भांडणं नुसती हिंदू-मुसलमानांची उरलेली नाहीत. घर भाड्याने घ्यायला निघालेल्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग ‘नॉनव्हेज खाता का?’ विचारतात. मुसलमानाला हा अनुभव जुना आहे, दलितालाही. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ‘महाराष्ट्रीय चालत नाहीत’ म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली गेली, तेव्हा राज्यभर संताप झाला. संताप योग्यच होता. पण तोच नकार दुसऱ्याच्या वाट्याला येतो तेव्हा आपण सोसायटीचा अंतर्गत मामला म्हणून गप्प बसतो. कायद्याची साथही तोकडी आहे. 2005 मध्ये झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. उलट म्हाडाच्या सोडतीत संगणक कोणाला कोणाचा शेजारी करायचं हे ठरवतो, आणि दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत लोक त्याच नशिबाने एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. तिथे भांडणं होतात ती पार्किंगची आणि गळतीची.

पाटीचंही असंच. मेट्रो 7 चं इथलं स्थानक आराखड्यात ‘पठाणवाडी’ होतं. ते ‘दिंडोशी’ नावाने 2022 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्यावरून वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कुठलं नाव बरोबर हा वेगळा मुद्दा. दोन्ही नावं इथल्याच मातीतली आहेत. प्रश्न असा की स्थानकाच्या पाटीवरून एका वस्तीला आपलं नाव पुसलं गेल्यासारखं वाटलं, तर ते बोलायला न्यायालयाखेरीज जागा कुठे होती? पोलीस ठाण्याचा हा विषय नाही. मेट्रोच्या कार्यालयात कोणी ऐकून घेणार नाही. राजकीय पक्षाकडे गेलं की लगेच झेंडा लागतो.

भाषेचं तर ताजंच आहे. 2025 च्या जुलैत मीरा-भाईंदरमध्ये आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मराठीचा आग्रह रास्त आहे, महाराष्ट्रात तो नसेल तर कुठे असेल? पण दुकानदाराने मराठी शिकावं यासाठी त्याला शिकवणारा वर्ग गल्लीत हवा, आणि तो कोण चालवणार याचं उत्तर मोर्चाच्या शेवटी मिळत नाही. आणि जुनं भांडणही सरलेलं नाही : 30 मार्च 2023 ला रामनवमीच्या मिरवणुकीत मालवणीत दगडफेक झाली. मालवणी मालाडच्या पश्चिमेला, दिंडोशी रुळांच्या पूर्वेला. रेल्वेच्या एका पुलाचं अंतर.

शहराची समिती, ठाण्याची नव्हे

असे वाद ऐकायची जागा अमेरिकेतल्या शहरांनी दंगलींनंतर उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे 1943 साली डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल झाली, 34 माणसं मेली. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन तरुणांना रस्त्यांवर झोडपलं गेलं. त्यानंतर शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस अशा ठिकाणी वंशसंबंधांसाठी समित्या नेमल्या गेल्या, आणि त्यांतून पुढे अनेक शहरांचे मानवी संबंध आयोग उभे राहिले. लॉस एंजेलिस परगण्यातली 1944 ची समिती पुढे आयोग झाली आणि आजही चालू आहे. अशा आयोगांत बसणारे बहुतेक सदस्य बिनपगारी नागरिक असतात. घर नाकारलं, शाळेत हिणवलं, शेजाऱ्याने छळलं अशा तक्रारी ऐकणं, मध्यस्थी करणं, आकडेवारी ठेवणं, हे त्यांचं काम. अमेरिका यामुळे सुधारली असा दावा कोणी करणार नाही. पण तिथे हे काम पोलिसांच्या दारात नाही, शहराच्या दारात आहे. तिथल्या आणि आपल्याकडच्या व्यवस्थेत खरा फरक तोच.

आपल्याकडे राज्य मानवी हक्क आयोग 2001 पासून आहे, राज्य अल्पसंख्याक आयोगाचा कायदा 2004 चा आहे. दोन्ही राज्याच्या पातळीवर, दोन्ही मुख्यतः झालेल्या अन्यायाची तक्रार ऐकण्यासाठी. गल्लीच्या पातळीवर मंत्रालय पोहोचत नाही. गावांसाठी आर. आर. पाटील यांनी 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यात हजारो गावांनी आपले तंटे आपल्यात मिटवले. शहरांसाठी तसं काही उभं राहिलं नाही. जणू शहरात तंटे होतच नाहीत.

मुंबई महापालिकेला हे करायला नवा कायदा लागत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर महापालिकेच्या अधिनियमात प्रभाग समित्या आल्या. त्या समितीत प्रभागातल्या स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य मताधिकाराशिवाय नेमण्याची सोय आहे. घाटकोपरच्या जोशी लेनसारख्या गल्ल्यांमधल्या रहिवाशांच्या कामातून 1997 च्या सुमारास महापालिकेने कचऱ्यासाठी गल्लीपातळीवरची नागरिक-व्यवस्था स्वीकारली, ते काम अजून चालतं. कचऱ्यासाठी जमलं ते माणसांच्या संबंधांसाठी जमू नये, याला कारण नाही. प्रभाग कार्यालयातच एक मानवी संबंध समिती असावी. दर महिन्याला बसावी. निम्म्या बायका, किमान तिसरा हिस्सा पस्तिशीच्या आतले. राजकीय पदाधिकारी नकोत. तिच्यासमोर गृहनिर्माण संस्थेचा नकार यावा, मंडपाचा वाद यावा, स्थानकाच्या नावाची खंत यावी, मराठीच्या वर्गाची मागणीही यावी. पोलीस पाहुणे म्हणून यावेत, यजमान म्हणून नकोत. बैठकांची इतिवृत्तं नोटीस बोर्डावर लागावीत.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई प्रशासकाच्या हाती राहिली. त्या काळात प्रभाग समित्याही नव्हत्या, आणि दारावर जाऊन सांगायला आपला माणूसही नव्हता. ती पोकळी कोणी भरली, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत आठवून पाहावं.

दिंडोशीच्या वाचकाला, आणि दिंडोशीसारख्याच टेकडीभोवती राहणाऱ्या मुंबईतल्या कोणत्याही वाचकाला, एवढंच सांगणं आहे : या दिवाळीनंतर आपल्या प्रभाग कार्यालयात जा. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे सदस्य कोण आहेत, ते विचारा. जागा रिकाम्या असतील तर आपल्या सोसायटीच्या, वस्तीच्या, मशिदीच्या, बुद्धविहाराच्या, गणपती मंडळाच्या पाच माणसांच्या सह्यांनिशी एक पानी अर्ज द्या, की आम्हाला मानवी संबंध समिती हवी आहे आणि आम्ही तिच्यात बसायला तयार आहोत. अर्जावर सह्या गोळा करायला जावं लागेल, तेव्हा त्या पाच माणसांच्या घरात पाऊल ठेवावं लागेल. समितीचं काम त्या दिवशीच सुरू झालेलं असेल.